ट्रकचे टायर बदलण्याचा खर्च: बिल येण्याआधी करायचा हिशोब

ट्रकचे टायर बदलायची वेळ आली की पहिला प्रश्न असतो, "एका टायरला किती पडतील?" खर्च ठरवणारा प्रश्न मात्र वेगळा आहे. हा टायर किती किलोमीटर देईल, आणि तो उतरवल्यावर त्याचं केसिंग (नक्षीखालचा टायरचा मूळ सांगाडा) पुन्हा रबर चढवण्याच्या लायकीचं राहील का? दुकानातली किंमत हा हिशोबातला सगळ्यात उघड आकडा असतो. पैसा जातो तो कमी हवेत, बिघडलेल्या अलाइनमेंटमध्ये (चाकांची दिशा आणि कल), न जुळलेल्या जोडचाकांत (एकाच बाजूला शेजारी-शेजारी बसवलेले दोन टायर) आणि रस्त्यात फुटलेल्या टायरच्या जागी मिळेल तो टायर बसवण्यात. म्हणून सुरुवात उतरवायच्या टायरपासून करायची.

जुना टायर का गेला, ते आधी वाचा

नवीन टायर मागवण्याआधी प्रत्येक चाकाची नक्षी, म्हणजे टायरवरच्या खाचांची खोली, मोजा. त्यासाठी साधा डेप्थ गेज पुरतो. बाहेरची, मधली आणि आतली अशा तीन खाचांत, टायरच्या परिघावर चार ठिकाणी माप घ्या. खाचेच्या तळाशी झीज दाखवणारी उंच पट्टी असते, तिच्यावर गेज टेकवू नका, नाहीतर माप १.६ मिमीने कमी येईल. सगळ्यात कमी आलेलं माप हेच त्या टायरचं माप धरा. सरासरी काढून उपयोग नाही, कारण टायर जिथे सगळ्यात पातळ झालेला असतो तिथेच संपतो.

आता झिजेचा आकार बघा. दोन्ही खांदे (नक्षीच्या दोन्ही कडा) झिजलेत आणि मधला भाग शाबूत आहे, तर हवा कमी होती. फक्त मधला भाग झिजलाय, तर वजनाच्या मानाने हवा जास्त होती. पुढच्या टायरचा एकच खांदा खाल्ला गेला असेल, तर टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) किंवा कॅम्बर (चाक उभ्यात कललेलं असणं) बिघडलाय. नक्षीवर तळहात आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखी धार लागली, तर टो चुकलाच आहे. परिघावर ठरावीक अंतराने खळगे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर, व्हील बेअरिंगचा ढिलेपणा आणि बॅलन्सिंग या तिन्ही गोष्टी तपासा. एकाच ठिकाणी चपटा डाग असेल तर ते चाक ब्रेकमध्ये जाम झालं होतं.

हे दोष दुरुस्त न करता नवीन टायर चढवले तर तेही तसेच संपतील. टो चुकल्याने काय होतं ते आकड्यात बघा. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर टायरच्या पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला मोजलं आणि दोन मापांतला फरक ठरलेल्या मापापेक्षा ६ मिमी जास्त निघाला, तर साधारण १ मीटर व्यासाचं प्रत्येक चाक दर किलोमीटरला सुमारे ३ मीटर आडवं घासत चालतं. हजार किलोमीटरला हे ३ किलोमीटर होतात. पुढची जोडी नवीन बसवताना अलाइनमेंटचे पैसे वाचवावेत असं कधीच वाटू देऊ नका. ते काम टायरच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे, आणि टाय-रॉड एंड किंवा किंग पिन (स्टिअरिंगचे सांधे) सैल असेल तर तोही त्याच वेळी लक्षात येतो. मात्र सैल भाग आधी बदलायचे आणि मग अलाइनमेंट. उलट केलं तर दोनदा पैसे जातात.

किलोमीटरमागे खर्च काढायची रीत

नवीन टायरची नक्षी १६ मिमी आहे आणि तुम्ही तो ४ मिमीवर उतरवता, असं धरू. म्हणजे वापरायला १२ मिमी रबर मिळालं. ३६,००० किलोमीटरनंतर माप ११.५ मिमी आलं, तर ४.५ मिमी झिजलं. म्हणजे १ मिमीला ८,००० किलोमीटर, आणि टायरचं पहिलं आयुष्य १२ गुणिले ८,०००, म्हणजे ९६,००० किलोमीटर. नवी, खोल नक्षी सुरुवातीला जरा लवकर झिजते, त्यामुळे पहिल्याच मापावरून निकाल काढू नका. दोन-तीन मापं हाताशी आली की अंदाज पक्का होतो.

आता खर्च. चलन कोणतंही असो, नवीन चांगल्या टायरची किंमत १०० धरा. उतरवणं-चढवणं, वॉल्व्ह, बॅलन्सिंग मिळून ३. एकूण १०३, भागिले ९६ हजार किलोमीटर. हजार किलोमीटरमागे १.०७.

स्वस्त टायर ७० ला मिळतो. त्याची नक्षी १३ मिमी आणि तो १ मिमीला ६,००० किलोमीटर देतो असं समजा. वापरायला ९ मिमी, म्हणजे ५४,००० किलोमीटर. चढवण्याची मजुरी तितकीच लागते, म्हणून एकूण ७३. हजार किलोमीटरमागे १.३५. घेताना तीस टक्के स्वस्त पडलेला टायर चालवताना पाव पटीने महाग ठरला. प्रत्येक स्वस्त टायर असाच निघतो असं मुळीच नाही, काही चांगले चालतात. पण ते किमतीच्या पाटीवरून कळत नाही, १ मिमीला किती किलोमीटर मिळाले यावरून कळतं. म्हणून नवीन ब्रँड आजमावायचा असेल तर एकाच एक्सलवर एकच जोडी घ्या, मोजा, आणि मग पुढची खरेदी ठरवा.

पुढे रिट्रेडिंग, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवणं. रबर चढवण्याचा खर्च साधारणपणे नव्या टायरच्या तीस ते पन्नास टक्के पडतो. आपण ४० धरू, अधिक मजुरी ३. रिट्रेड केलेला टायर ७०,००० किलोमीटर चालला, तर एकूण खर्च १४६ आणि एकूण धाव १,६६,००० किलोमीटर. हजार किलोमीटरमागे ०.८८. त्याच केसिंगवर दुसऱ्यांदा रबर चढलं तर १८९ भागिले २३६, म्हणजे ०.८०.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. टायर ४ मिमीवर न उतरवता थेट १.६ मिमीपर्यंत चालवला, तर आणखी १९,००० च्या आसपास किलोमीटर मिळतात आणि पहिल्या आयुष्याचा खर्च ०.८९ वर येतो. एका रिट्रेडच्या हिशोबाशी हा आकडा जवळजवळ बरोबरीचा आहे, म्हणून बरेच मालक टायर घासून संपवतात. पण या आकड्यात तीन गोष्टी येत नाहीत. शेवटच्या मिलिमीटरमध्ये खडे आणि खिळे स्टीलच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचतात, पाणी आत जाऊन त्या गंजतात, आणि केसिंग रिट्रेडसाठी नापास होतं. ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. आणि रस्त्यात टायर गेला तर गाडी उभी राहते. पुढच्या एक्सलवर हा जुगार कधीही खेळू नये. तिथे ४ मिमी ही खालची मर्यादा धरा, आणि तुमच्या देशाचा नियम याहून कडक असेल तर तो पाळा.

नवीन टायर निवडताना काय वाचायचं

साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, सगळं लिहिलेलं असतं. २९५/८० आर २२.५ म्हणजे रुंदी २९५ मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ८० टक्के, रेडियल बांधणी (आतल्या तारा सरळ आडव्या), रिम २२.५ इंच. हा ट्यूबलेस आकार आहे. १०.०० आर २० हा ट्यूबवाला रेडियल, आणि मधे आर नसून आडवी रेघ असेल तर तो नायलॉन म्हणजे क्रॉस-प्लाय (आतले धागे तिरके, एकमेकांना छेदणारे). रेडियल आणि नायलॉन एकाच एक्सलवर कधीही मिसळू नका.

पुढे १५२/१४८ एम असं काही असतं. पहिला आकडा टायर एकटा असताना, दुसरा जोडीत असताना पेलायचं वजन सांगतो: १५२ म्हणजे ३,५५० किलो, १४८ म्हणजे ३,१५० किलो. जोडीतला आकडा मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कारण दोन टायर कधीच अगदी सारखं वजन घेत नाहीत. अक्षर वेगाचं: के म्हणजे ताशी ११० किलोमीटर, एल १२०, एम १३०. आधीच्या टायरपेक्षा कमी लोड इंडेक्सचा (वजनाच्या आकड्याचा) टायर "स्वस्तात मिळतोय" म्हणून घेतला, तर तो भार वाहताना तापतो आणि केसिंग आतून थकतं.

बनवल्याची तारीख चार आकड्यांत असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. चांगल्या साठवणीतला काही महिन्यांचा टायर घ्यायला हरकत नाही. दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर मात्र नव्याच्या भावात घेऊ नका. रबर वयाने कडक होतं आणि तुमची रिट्रेडची वर्षं त्यात आधीच खर्च झालेली असतात.

नक्षी जागेप्रमाणे घ्या. पुढे सरळ खाचांची रिब नक्षी. चालत्या (इंजिनची ताकद मिळणाऱ्या) एक्सलवर महामार्गासाठी सेमी-लग किंवा ब्लॉक, आणि खाण, वाळू, कच्चा रस्ता असेल तर खोल लग (जाड, उठावदार ठोकळ्यांची नक्षी). खोल नक्षीत रबर जास्त म्हणून तीच फायद्याची, असा हिशोब महामार्गावर चालत नाही. जाड रबर जास्त तापतं आणि चाकाचा रोध वाढवतं. महामार्गावरच्या भरलेल्या ट्रकच्या इंधनातला ढोबळ एक तृतीयांश भाग चाकांच्या या रोधातच जातो, त्यामुळे टायरमधला फरक डिझेलच्या बिलातही दिसतो.

किती टायर एकदम बदलायचे

सगळे एकदम बदलायची गरज बहुतेक वेळा नसते. दोन एक्सलच्या ट्रकला ६, तीन एक्सलच्या ट्रकला १० टायर आणि वर स्टेपनी. खर्च वाटून घेण्याचा सरळ मार्ग म्हणजे नवीन जोडी नेहमी पुढे बसवायची. पुढची जोडी ६-७ मिमीवर आली की मागच्या किंवा ट्रेलरच्या एक्सलवर न्यायची, आणि तिथून उतरलेली रिट्रेडला पाठवायची. रिट्रेड केलेले टायर मागे आणि ट्रेलरला वापरायचे, पुढे नाही. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही, म्हणून हा नियम.

पुढे एकच टायर बदलायची वेळ आली, दुसरा अर्धा झिजलेला असेल, तरी दोन्ही बदला. काढलेला चांगला टायर मागे कामाला येतो, म्हणजे पैसे वाया जात नाहीत.

जोडचाकांत सगळ्यात जास्त नुकसान डोळ्याआड होतं. जोडीतल्या दोन टायरच्या व्यासात ६ मिमीपेक्षा, म्हणजेच परिघात साधारण १९ मिमीपेक्षा जास्त फरक नको. ६ मिमी व्यास म्हणजे नक्षीत जेमतेम ३ मिमी. ही चाकं एकमेकांना बांधलेली असल्यामुळे एका फेरीत दोघांनाही सारखंच अंतर कापावं लागतं. परिघात १९ मिमी फरक असेल तर एका मीटरपेक्षा थोडा जास्त व्यास असलेल्या टायरच्या जोडीत दोघांत मिळून दर किलोमीटरला सुमारे ६ मीटर घसरण होते. लहान टायर फरफटतो आणि अनियमित झिजतो, मोठा जास्त वजन घेऊन तापतो. म्हणून नवीन टायर अर्ध्या झिजलेल्याच्या शेजारी बसवू नका. थोडा फरक राहणारच असेल तर मोठा टायर बाहेरच्या बाजूला ठेवा, कारण रस्ता मधे उंच असल्याने आतल्या चाकावर तसाही जास्त भार येतो. मोजायला सरळ पट्टी दोन्ही टायरवर आडवी धरली तरी फरक दिसतो. मात्र दोन्हींत हवा सारखी असू द्या.

बिलात काय काय असतं

दुकानदाराकडून भाव घेताना टायर, ट्यूब, फ्लॅप (ट्यूब आणि रिममधली रबरी पट्टी), वॉल्व्ह किंवा ओ-रिंग, उतरवणं-चढवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि जुन्या टायरची वजावट असं वेगवेगळं लिहून घ्या. नुसता "सगळं मिळून" भाव घेतला की जुन्या केसिंगची किंमत त्यात हरवते. चांगलं केसिंग म्हणजे पैसाच आहे. ते भंगाराच्या भावात सोडू नका.

टायरचा सिरियल नंबर बिलावर असायलाच हवा. वॉरंटीचा दावा त्याशिवाय पुढे सरकत नाही. भरपाई बहुधा उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात मिळते: वापरायचं रबर १२ मिमी होतं आणि ६ मिमी उरलं असताना बनावटीच्या दोषाने टायर गेला, तर साधारण निम्मी किंमत. कमी हवेत चाललेल्या टायरवर दावा टिकत नाही, आणि आतलं अस्तर बघून ते लगेच कळतं. रिट्रेडला टायर देतानाही सिरियल नंबर लिहून ठेवा, आपलंच केसिंग परत हवं असं स्पष्ट सांगा, आणि नापास झालेलं केसिंग कारणासह परत मागा.

रिट्रेडला कोणता टायर द्यायचा

टायर रिमवरून उतरला की आत हात घालून बघा. अस्तरावर सुरकुत्या, निळसर-काळपट पट्टा किंवा रबराची भुकटी दिसली, तर तो हवा नसताना किंवा फार कमी हवेत चालला आहे. ठरलेल्या हवेच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेला टायर पंक्चरच चालला असं धरतात. अशा टायरच्या साइडवॉलमधल्या स्टीलच्या तारा वाकून थकलेल्या असतात. पुन्हा हवा भरताना साइडवॉल अचानक उसवून फाटते, आणि त्यात माणसं दगावली आहेत. तो रिट्रेडला नाही, स्टेपनीलाही नाही. सरळ बाद.

खिळ्याचं भोक मधल्या भागात आणि लहान असेल तर दुरुस्ती होते, पण आतून: पॅच आणि भोक भरणारा खुंट एकत्र बसवून. बाहेरून दोरीसारखी पट्टी ठोसून केलेलं काम फक्त जवळच्या कारखान्यापर्यंत पोहोचण्यापुरतं. त्यातून पाणी झिरपतं, स्टीलची पट्टी गंजते आणि नवं रबर चढवल्यावर तिथून सुटतं. साइडवॉल कापला गेलाय आणि तार उघडी पडली आहे, बीड (रिमवर बसणारी टायरची कडा) तुटलाय किंवा थर सुटून फुगा आलाय, तर त्या केसिंगवर पैसे घालू नका.

कोल्ड पद्धतीत आधीच नक्षी घडवलेली पट्टी कुशन गमवर (चिकटवणाऱ्या कच्च्या रबराच्या थरावर) बसवून सुमारे १०० अंश सेल्सिअसला चेंबरमध्ये पक्की करतात. हॉट पद्धतीत कच्चं रबर साच्यात साधारण १५० अंशांना घडवतात. केसिंगला कमी ताप लागतो म्हणून रेडियलसाठी, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला, कोल्ड पद्धत बरी.

टायर चढवताना

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना ओट (अडवणारे ठोकळे) लावा, जॅकवर उचलल्यावर खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर काम नको. लॉक रिंगची (टायर धरून ठेवणाऱ्या सुट्या कड्याची) डिस्क, म्हणजे रिम, असेल तर नट सैल करण्याआधी वॉल्व्हची पिन काढून जोडीतल्या दोन्ही टायरची हवा पूर्ण सोडा. आतली डिस्क तडकलेली असेल तर नट निघताच रिंग सुटून अंगावर येते.

डिस्क आणि हबचे टेकणारे भाग वायर ब्रशने साफ करा. गंज आणि रंगाचा जाड थर राहिला तर तो गाडी चालताना दबतो आणि नट सैल होतात. भोकं लंबगोल झालेली किंवा भोकाभोवती चीर असलेली डिस्क बाद करा. लॉक रिंग त्याच डिस्कची वापरा, दुसऱ्या बनावटीची ठोकून बसवू नका.

बीडला टायर चढवण्याची पेस्ट किंवा साबणाचं पाणी लावा. ग्रीस, डिझेल, इंजिन ऑइल लावू नका. ते रबर खातं आणि टायर रिमवर फिरतो. नव्या टायरला ट्यूब आणि फ्लॅप नवेच घ्या. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि घडीवरच ती फुटते. पुष्कळदा या किरकोळ बचतीनेच नवा टायर जातो. ट्यूबवाल्या टायरमध्ये थोडी हवा भरून सोडा आणि मग पुन्हा भरा, म्हणजे घड्या निघतात.

टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरा, वॉल्व्हला स्वतः अडकणारं तोंड आणि लांब होज वापरा, आणि साइडवॉलच्या समोर उभे राहू नका. बीड बसली की रिमच्या कडेला समांतर असलेली टायरवरची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. तशी दिसली नाही तर हवा सोडून पुन्हा बसवा. जास्त हवा भरून ती जागेवर आणायची नसते.

जोडीत दोन्ही वॉल्व्ह समोरासमोर ठेवा, म्हणजे आतल्या चाकाची हवा तपासता येते. तपासता आली नाही की ती कोणी तपासत नाही, आणि आतलाच टायर आधी जातो. वॉल्व्हला धातूची कॅप लावा.

नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा. एम २२ बोल्टच्या, हबवर बसणाऱ्या सपाट नटाच्या चाकांना साधारण ६०० ते ६८० न्यूटन मीटर लागतो. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा. लांब पाइप लावून अंगाच्या जोराने आवळलेले नट सारखे बसत नाहीत. ८० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा आवळा.

पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये

हवा दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना तपासा. ती किती ठेवायची हे टायर कंपनीच्या तक्त्यातून, एक्सलवरच्या वजनाप्रमाणे ठरवा. साइडवॉलवरचा आकडा कमाल वजनासाठीचा असतो. गाडी चालल्यावर हवा १०-१५ पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) वाढते. ती गरम असताना सोडली तर सकाळी टायर कमी हवेवर उभा असेल. हवामानाचा फरकही लक्षात घ्या: १०० पीएसआयच्या टायरमध्ये बाहेरचं तापमान १० अंशांनी उतरलं की हवा सुमारे ४ पीएसआयने घटते.

वहीत प्रत्येक टायरचं एक पान करा. सिरियल नंबर, जागा, बसवल्याची तारीख, ओडोमीटर, नक्षीची तीन मापं, थंड हवा, आणि पुढे प्रत्येक बदल, पंक्चर, रिट्रेड. पहिलं माप १०,००० किलोमीटरला घ्या. पुढच्या टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या खाचेत १ मिमीहून जास्त फरक आला, तर पुढची फेरी लावण्याआधी गाडी अलाइनमेंटला न्या.